बझकॉक्सच्या गाण्यातला 'तू'

परवा भाच्याला एक गाणं समजावून सांगत होते आणि त्याच्या नावालाच अडकले. मँचेस्टरचा पंक बँड बझकॉक्स, त्यांचं १९७८ चं 'एव्हर फॉलन इन लव्ह'. पडायला नको होतं अशा कुणाच्या प्रेमात पडलायस का कधी, असा साधारण अर्थ. म्हणजे बघा, "पडलायस" म्हटलं तिथेच मी ऐकणाऱ्याला मुलगा करून टाकला. पुढे गाण्यातला "मी" रडकुंडीला आलो म्हणणार की आले, "तू असा वागतोस" की "अशी वागतेस"... मराठीत क्रियापद आलं की सगळं सांगूनच टाकतं. भाचा म्हणाला, "अगं मावशी, पण तो मुलीबद्दल बोलतोय की मुलाबद्दल ते तर सांग." म्हटलं अरे तेच तर त्याने सांगितलं नाहीये!

आणि मुद्दाम नाही सांगितलेलं. गाणं लिहिणारा पीट शेली बायसेक्शुअल होता आणि ते लपवत नव्हता. प्रेमाची गाणी लिहिताना तो इंग्रजीतले 'ही' (तो) आणि 'शी' (ती) दोन्ही टाळायचा, फक्त मी आणि तू, म्हणजे ऐकणारं कुणीही असो त्याला ते आपलंच वाटावं. तेव्हाच्या इंग्लंडमध्ये दोन पुरुषांचे संबंध १९६७ पासून गुन्हा नव्हते पण तेही चार भिंतींच्या आत आणि वयाची अट २१ वर्षं, त्यामुळे हा काही फक्त व्याकरणाचा खेळ नव्हता. त्या काळात पंक म्हणजे राणी, सरकार, बेकारी, सगळ्यांवर ओरडणं, आणि हा माणूस त्याच स्पीडने, तशाच खरखरीत गिटारवर, स्वतःचं मन मोडल्याचं सांगतोय. मला बझकॉक्स आवडतात ते यासाठी, बाकी सगळं नंतर.

ते गाणं सुचलं कसं तेही भारी आहे. नोव्हेंबर १९७७, बँड टूरवर, एडिनबरोच्या एका गेस्ट हाऊसमध्ये टीव्हीवर 'गाईज अँड डॉल्स' हा जुना म्युझिकल चालू होता, त्यातला एक डायलॉग शेलीच्या कानात अडकला आणि दुसऱ्या दिवशी पोस्ट ऑफिसच्या बाहेर व्हॅनमध्ये बसल्या बसल्या त्याने शब्द लिहून काढले. पुढच्या वर्षी ते ब्रिटिश चार्टवर १२ व्या नंबरपर्यंत गेलं, बँडचं सगळ्यात मोठं हिट.

पण सुरुवात त्याच्या आधीची. शेलीचं खरं नाव पीटर मॅकनीश, लँकेशरमधल्या ली गावचा. बोल्टनच्या इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये त्याला हॉवर्ड ट्रॅफर्ड भेटला, ज्याने पुढे हॉवर्ड डेव्होटो नाव घेतलं. फेब्रुवारी १९७६ मध्ये दोघांनी एनएमई या संगीताच्या साप्ताहिकात सेक्स पिस्टल्स या लंडनच्या पंक बँडबद्दल वाचलं आणि गाडी मिळवून थेट दक्षिणेत त्यांचे शो बघायला गेले. परत आले ते पिस्टल्सना मँचेस्टरला आणायचंच असं ठरवून. हॉल या दोघांनीच ठरवला, लेसर फ्री ट्रेड हॉल, ४ जून १९७६, तिकीट ५० पेन्स. स्वतःही वाजवणार होते पण बँडच पुरा झालेला नव्हता! माणसं आली असतील जेमतेम चाळीसेक, पण त्यात पुढे जॉय डिव्हिजन हा बँड काढणारे पीटर हुक आणि बर्नार्ड समनर होते, पुढे द स्मिथ्सचा गायक झालेला मॉरिसीसुद्धा. स्टीव्ह डिगल दारात भलत्याच माणसाची वाट बघत उभा होता आणि गैरसमजातून त्याची शेलीशी गाठ पडली आणि तोच यांच्यात बेस गिटार वाजवायला लागला. ड्रमर जॉन मार १६ वर्षांचा. २० जुलैला पिस्टल्स परत त्याच हॉलमध्ये आले तेव्हा मात्र बझकॉक्स वाजवले.

आता माझा सगळ्यात आवडता भाग. वर्ष संपत आलं तरी रेकॉर्ड कोण काढणार हा प्रश्नच होता, मोठ्या कंपन्या लंडनमध्ये, यांना कोण विचारतं. मग घरच्यांकडून, मित्रांकडून उसने घेऊन ५०० पौंड जमवले, त्यातला मोठा वाटा शेलीच्या वडिलांचा. २८ डिसेंबर १९७६ ला मँचेस्टरच्या स्टुडिओत मार्टिन हॅनेटला प्रोड्यूसर म्हणून बसवून काही तासांत चार गाणी रेकॉर्ड केली, न्यू हॉर्मोन्स नावाचं स्वतःचं लेबल काढलं आणि जानेवारी १९७७ मध्ये 'स्पायरल स्क्रॅच' या ईपीच्या (अल्बमपेक्षा छोटी रेकॉर्ड) १,००० कॉपी काढल्या. कव्हरवर साधा पोलरॉइड फोटो. मागच्या बाजूला कुठलं गाणं कितव्या टेकचं, कुठे ओव्हरडब (नंतर वरून भरलेलं वादन) आहे तेसुद्धा छापलं, म्हणजे घ्या, हे असं करतात, तुम्हीपण करा. त्या १,००० लगेच संपल्या, पुढे १६,००० पर्यंत खपल्या, आणि गावोगावची पोरं स्वतःच्या रेकॉर्ड स्वतः काढायला लागली. त्यातल्या 'बोअरडम'मध्ये शेलीचा गिटार सोलो आहे फक्त दोन सुरांचा, तेच दोन सूर ६६ वेळा. पहिल्यांदा ऐकताना सीडी अडकली असं वाटतं, पण त्यापेक्षा अचूक सोलो मला माहीत नाही.

आणि एवढं करून डेव्होटो लगेच बाहेर पडला, त्याने मॅगझिन हा बँड काढला. शेली गायला लागला, डिगल गिटारवर आला. १६ ऑगस्ट १९७७ ला, एल्विस गेला त्याच दिवशी, युनायटेड आर्टिस्ट्स या रेकॉर्ड कंपनीशी करार झाला. मग दोन वर्षांत तीन अल्बम आणि एकापाठोपाठ एक सिंगल्स. ही सिंगल्स एकत्र केलेला 'सिंगल्स गोइंग स्टेडी' नवीन माणसाने आधी ऐकावा असं मी नेहमी सांगते. १९८१ मध्ये बँड मोडला. त्याच वर्षी शेलीने एकट्याने 'होमोसेपियन' काढलं आणि त्यातल्या समलिंगी उल्लेखामुळे बीबीसीने ते बॅन केलं, ज्याने इतकी वर्षं 'तो' 'ती' बाजूला ठेवलं त्याच्यावरच. वाचून फार राग आला होता मला.

१९८९ ला परत एकत्र आले, १९९४ मध्ये 'निर्वाणा' या अमेरिकन बँडच्या शेवटच्या युरोप टूरवर त्यांच्याआधी वाजवलं, नवे अल्बम येत राहिले. ६ डिसेंबर २०१८ ला शेली गेला, एस्टोनियात टॅलिनला, ६३ व्या वर्षी. पुढच्या जूनमध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये बझकॉक्सचा शो आधीच ठरलेला होता, तो रद्द केला नाही, त्याच्या आठवणीत केला. आता डिगल गातो.

भाच्याची गिटार दिवाळीपासून कपाटावर पडून होती. 'बोअरडम' ऐकवल्यावर त्याने ती खाली काढली, आणि दोन सूरच तर आहेत म्हणून लगेच वाजवायला लागला, जमलंही. मी बाजूला वही घेऊन बसले होते, माझ्या पहिल्या ओळीत अजून 'पडलायस' खोडून 'पडलीयस', 'पडलीयस' खोडून 'पडलायस' चालू आहे.