६४१ ने भाग जातो

मोठी संख्या मूळ आहे की संयुक्त, हे तिच्या रूपावरून कळत नाही, आणि ४,२९,४९,६७,२९७ इतके याचे बोलके उदाहरण माझ्या पाहण्यात दुसरे नाही. २ च्या ३२व्या घातात १ मिळवला की ही संख्या येते. सतराव्या शतकात फ्रेंच गणिती फर्माने २ च्या १, २, ४, ८ आणि १६व्या घातात १ मिळवून येणाऱ्या ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ या पाचही संख्या मूळ असल्याचे पाहून या क्रमातील पुढच्या सगळ्याच संख्या मूळ असतील, असे मानले होते. आपली संख्या ही त्या क्रमातली लगेच पुढची. १७३२ मध्ये गणिती ऑयलरने तिला ६४१ ने भाग जातो हे दाखवले आणि ते अनुमान पुढच्याच पायरीवर कोसळले.

या संख्येच्या प्रत्येक मूळ अवयवाला ६४ ने भागल्यास बाकी १ उरते, हेही ऑयलरनेच सिद्ध केले. त्यामुळे १९३, २५७, ४४९ आणि ५७७ तपासून झाल्यावर पाचवीच मूळ संख्या ६४१ येते, आणि भागाकार नेमका ६७,००,४१७ निघतो. पण भागाकार न करताही हे पटवता येते, आणि ती सिद्धता मी वहीत कितीदा उतरवली असेल, तरी तिचा आनंद ओसरत नाही. ६४१ म्हणजे ५ गुणिले २ चा ७वा घात, अधिक १. म्हणून ६४१ ने भागताना त्या गुणाकाराची बाकी उणे १ मानता येते, आणि त्याचा चौथा घात केला की ५ चा ४था घात गुणिले २ चा २८वा घात याची बाकी १ येते. आता ६४१ म्हणजेच ६२५ अधिक १६, तेव्हा ५ च्या ४थ्या घाताच्या जागी उणे २ चा ४था घात ठेवला की २ च्या ३२व्या घाताची बाकी उणे १ ठरते. त्यात १ मिळवला की बाकी शून्य.

दोनच मूळ अवयव असलेली ही वर्गमुक्त, म्हणजे कोणत्याही मूळ संख्येच्या वर्गाने भाग न जाणारी, संख्या आहे, आणि स्वतःखेरीज इतर विभाजकांची बेरीज अवघी ६७,०१,०५९ असल्याने ती न्यून संख्यांत, म्हणजे जिथे ही बेरीज संख्येहून कमी भरते त्यांत, मोडते. याहून लक्षणीय म्हणजे २ हा पाया घेऊन फर्माच्याच प्रमेयाची कसोटी लावली, म्हणजे पायाचा संख्येहून एकाने कमी इतका घात करून त्याला त्या संख्येने भागले, तर ती मूळ संख्येसारखी बाकी १ देते. ३ हा पाया घेतला की बाकी ३,०२,९०,२६,१६० उरते आणि तिचे संयुक्तपण उघड होते. शिवाय ती ६५,५३६ आणि १ यांच्या वर्गांची बेरीज आहे, तशीच ६२,२६४ आणि २०,४४९ यांच्या वर्गांचीही. मूळ संख्या अशा दोन निरनिराळ्या रीतींनी कधीच मांडता येत नाही.

गणिती गाउसच्या बहुभुजांच्या सिद्धांतातही ६४१ हा अवयव आड येतो, कारण बाजूंची संख्या विषम असेल तर ती फर्माच्या वेगवेगळ्या मूळ संख्यांचा गुणाकार असावी लागते. तितक्या बाजूंचा सुसम बहुभुज केवळ पट्टी आणि कंपासने काढता येत नाही. दोनच बाजू कमी केल्या, तर मात्र येतो, कारण ४,२९,४९,६७,२९५ हा फर्माच्या त्या पाचही मूळ संख्यांचा गुणाकार आहे.