पुरणयंत्राचा स्क्रू आणि लेथचे व्हिडिओ

निवृत्तीनंतर मी मुलुंडच्या घरातील बंदिस्त गॅलरीत एक छोटा लेथ, म्हणजे धातू फिरवत कापण्याचे यंत्र, बसवला. त्याचे वजन चाळीस किलोच्या आसपास आहे आणि काम धरणाऱ्या दोन टोकांमध्ये जेमतेम 300 मिलिमीटर जागा मिळते. नोकरीची सगळी वर्षे मी बँकेत खतावण्या तपासण्यात घालवली होती, त्यामुळे टर्नरचे काम हाताखाली घेऊन शिकवील असे माझ्या ओळखीत कोणी नव्हते. जे काही शिकलो ते यूट्यूबवरील व्हिडिओंतून. त्यांपैकी कोणते नुसते पाहायला बरे आणि कोणते खरोखर कामाचे, हे मला आईच्या पुरणयंत्राच्या एका स्क्रूने शिकवले.

यंत्राचा दांडा आवळून धरणाऱ्या त्या स्क्रूचे आटे झिजले होते. नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअर बाजारात तसा स्क्रू काही रुपयांत मिळेल, हे पत्नीने तत्काळ निदर्शनास आणून दिले; पण होळीला दोन आठवडे होते आणि लेथ घेतल्यापासून घरच्या उपयोगाची एकही वस्तू त्यावर झालेली नव्हती. एमएसचा, म्हणजे साध्या मऊ पोलादाचा, 20 मिलिमीटरचा ब्राइट बार (गुळगुळीत गोल सळी) घ्यायचा, एक टोक आठ मिलिमीटरपर्यंत उतरवायचे, डाय या आटे कापणाऱ्या हत्याराने 1.25 पिचचे (दोन आट्यांत 1.25 मिलिमीटर अंतराचे) आटे पाडायचे, डोक्यावर बोटांच्या पकडीसाठी नर्लिंग (खडबडीत नक्षी) करायचे आणि शेवटी पार्टिंग टूलने तुकडा वेगळा करायचा, इतकेच काम होते.

पहिला फटका फिनिशने दिला. व्हिडिओत टूल पुढे सरकले की मागे आरशासारखा पृष्ठभाग उमटत असे आणि चिपचे, म्हणजे कापून निघणाऱ्या धातूचे, लहान लहान तुकडे पडत असत. माझ्या जॉबवर, म्हणजे कापायच्या तुकड्यावर, मात्र खरवडल्यासारखे ओरखडे उठत आणि चिपची लांब सुरळी चकभोवती (जॉब पकडून फिरवणाऱ्या भागाभोवती) गुंडाळू पाहत असे. मी टूलला पुन्हा पुन्हा धार लावली, वेग बदलून पाहिला आणि दोष आपल्या हाताचाच आहे, अशी समजूत करून घेतली. मग एका अमेरिकी व्हिडिओत बोलता बोलता सांगितले गेले की, हा बार ट्वेल्व्ह एल फोर्टीन या पोलादाचा आहे. त्या पोलादात मुद्दाम थोडे शिसे मिसळलेले असते. त्यामुळे चिप लवकर तुटते आणि कापलेला भाग चकचकीत निघतो. साध्या एमएसकडून तशी अपेक्षा करणे म्हणजे जोंधळ्याच्या पिठाच्या पुऱ्या लाटण्यासारखे होते. ते एक वाक्य त्याने गाळले असते, तर मी आणखी महिनाभर स्वतःलाच बोल लावत बसलो असतो. तेव्हापासून धातू कोणता, टूल कोणते आणि फेरे किती, हे न सांगणारा व्हिडिओ मी करमणूक म्हणूनच पाहतो. वेगाचे गणित अवघड नाही: हायस्पीड स्टीलच्या टूलने एमएस कापताना कापण्याचा वेग मिनिटाला साधारण 30 मीटर धरला, तर 20 मिलिमीटर व्यासाला मिनिटाला सुमारे 480 फेरे येतात. इंचांच्या व्हिडिओंचीही सवय होते. ‘दहा थाऊ’ (इंचाचे दहा सहस्रांश) म्हणजे सुमारे पाव मिलिमीटर, एवढे ध्यानात ठेवले की पुरते.

खरी कसोटी पार्टिंगची होती. आटे सुरेख पडले होते, नर्लिंग झाले होते आणि टूल डोक्यात तीनेक मिलिमीटर शिरताच मशीन थरथरू लागले. मी घाबरून हात आणखी हळू केला. पुढच्याच क्षणी टूल जॉबमध्ये रुतले, मोठा आवाज झाला, पात्याचे टोक तुटले आणि दोन संध्याकाळींची मेहनत चकमध्ये वाकडी होऊन बसली. संगीत लावून अर्ध्या तासाचे काम तीन मिनिटांत दाखवणाऱ्या व्हिडिओंत पार्टिंग म्हणजे लोण्यात सुरी फिरावी तसे दिसते. थरथर सुरू झाल्यावर काय करायचे, ते तिथे असणार तरी कसे?

उत्तर मिळाले ते एका संथ व्हिडिओत, जिथे करणाऱ्याचेही टूल रुतले आणि त्याने तो प्रसंग कापून टाकला नाही. त्याने पातळ स्टीलची पट्टी टूलचे टोक आणि गोल जॉब यांच्यामध्ये अलगद दाबून धरली. पट्टी सरळ उभी राहिली, तर टूल सेंटरवर, म्हणजे जॉबच्या मध्याच्या उंचीवर. तिचे वरचे टोक आपल्याकडे कलले, तर टूल खाली. माझी पट्टी चांगलीच माझ्याकडे झुकली. टूलखाली पत्र्याची पॅकिंग घातली, पाते शक्य तितके आत घेतले, जॉब चकजवळ कापायला घेतला, कॅरेज (टूल वाहून नेणारा भाग) लॉक केले, फेरे निम्म्याहून कमी केले आणि तेल सोडत हँडल न थांबता फिरवत राहिलो. भीतीने हात आखडला की टूल कापण्याऐवजी घासते आणि थरथर तिथूनच वाढते, हे त्याने कॅमेरा चिपवर रोखून दाखवले होते. नीट कापले जात असतानाचा तो एकसारखा, किंचित खरखरीत आवाज त्या व्हिडिओत स्वच्छ ऐकू येत होता, त्यामुळे माझ्या गॅलरीत तोच आवाज येऊ लागताच मला तो ओळखता आला.

निव्वळ आनंदासाठी पाहण्याचे व्हिडिओही आहेत आणि त्यांना मी कमी लेखत नाही. अँटिकिथेरा या प्राचीन ग्रीक यंत्राची प्रतिकृती घडवणारा ‘क्लिकस्प्रिंग’ मी रात्री जेवणानंतर पाहतो. तिथे काम शिकण्यापेक्षा काम कसे दिसावे, हे डोळ्यांत भरते. मात्र मुंबईच्या पावसाळ्यात लेथच्या बेडवर एका रात्रीत गंज चढतो आणि रोज तेलाचा हात फिरवावा लागतो, हे कोरड्या हवेतला कोणी सांगत नाही. सोसायटीत दुपारी दोन ते चार मशीन बंद ठेवावे लागते, हेही नाही.

दुसरा स्क्रू होळीच्या आदल्या दिवशी तयार झाला. नर्लिंग एका बाजूला थोडे दुहेरी उमटले आहे. आईने तो यंत्राला लावला, दांडा दोनदा फिरवून पाहिला आणि डोके आधीच्यापेक्षा मोठे असल्याने आता पक्कड लागत नाही, एवढेच म्हणाली.