हिरवा पंप, भाग ७: गाळ नव्हे, गाळी

चालला! काल संध्याकाळी खानापूरकडच्या शेतात, मलप्रभेच्या काठावर, माझा पेट्रोल इंजिनवरचा हिरवा पाण्याचा पंप एक तास चाळीस मिनिटं सलग चालला. शेवटी मिरचीचे सगळे वाफे भिजले म्हणून मीच बंद केला. गेले सहा आठवडे बटणाला हात लावायची वेळच आली नव्हती, तोच आपला आपण गप्प व्हायचा.

लक्षणं तुम्हाला पाठ आहेत. दुसऱ्या दोरीला सुरू, लोडवर बारा-चौदा मिनिटं मस्त, मग आवाज पातळ. चोक ओढला, म्हणजे हवा कमी केली, की थोडा जीव धरायचा, मग ठप्प. दहा मिनिटांनी दोरी ओढा, जसं काही घडलंच नाही. गरम झाल्यावर ठिणगीची कॉइल जात असेल असं तुमच्यातल्या दोघा-तिघांचं मत होतं, पण बंद पडल्या पडल्या प्लग काढून बघितला तर ठिणगी निळी, टकटकीत. शिवाय चोकला सुधारतो म्हणजे पेट्रोलच कमी पडतंय. टाकी ते जेट (कार्बोरेटरमधली पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची पितळी नळी), चोर एवढ्याच वाटेत.

मी धरलं की चोर म्हणजे गाळ. टाकीत मूठभर नटबोल्ट टाकून खळखळवली, पेट्रोलच्या कॉकखालची वाटी आणि जाळी धुतली, कार्बोरेटर तीनदा उघडला. मेन जेट तर शहापुरातल्या एका सराफ मित्राच्या अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये, कुणाच्या तरी पैंजणांशेजारी, वीस मिनिटं ठेवला. जेट आरशासारखा झाला. (जेटात सुई घालणाऱ्यांनो, तुमचं-माझं जमायचं नाही. पितळ मऊ असतं, भोक वाढतं.) पाइपही बदलला. पारदर्शक स्वस्त पाइप घेऊ नका, चार महिन्यांत पिवळा आणि काडीसारखा कडक होतो. काळा नायट्राइलचा, म्हणजे पेट्रोलला टिकणाऱ्या रबराचा, घ्या. एवढं करून पंप पुन्हा तेराव्या मिनिटाला गार.

शेवटी बैलहोंगलकडच्या आमच्या मेस्त्रीअण्णांना फोन लावला. लाइन खरखरत होती. ते म्हणाले, “टाकी गाळी नोडरी.” मी ऐकलं ‘टाकीचा गाळ बघा’, आणि शहाण्यासारखी टाकी चौथ्यांदा धुतली. दोन दिवसांनी परत फोन केला तेव्हा अण्णा ओरडलेच, “गाळ अल्लरी, गाळी!”

कन्नडमध्ये ‘अल्लरी’ म्हणजे नव्हे, आणि गाळी म्हणजे हवा. जन्म बेळगावात गेला, रोज कन्नड कानावर पडतं, आणि डोक्यात गाळ बसला म्हणून ‘गाळी’ ऐकू आली नाही.

मग चाचणी केली. इंजिन थंड, जागा उघडी, कार्बोरेटरच्या वाटीचा ड्रेन स्क्रू सैल करून खाली बरणी. धार छान सुरू झाली, हळूहळू बारीक होत गेली, मग थेंब थेंब. टाकीचं झाकण फिरवलं तर ‘फुस्स’ करून हवा आत शिरली, आणि धार पुन्हा जोरात. टाकीतून पेट्रोल जाईल तेवढी हवा झाकणाच्या बारीक भोकातून आत यायला पाहिजे. ती नाही आली की आत ओढ तयार होते आणि वीतभर उंचीवरून उतरणारं पेट्रोल जागीच लटकतं. वाटीतला फ्लोट (तरंगी) खाली जातो, नीडल (पेट्रोल आत सोडणारी झडप) उघडी असते, पण वाटी भरत नाही. बंद ठेवल्यावर हवा कुठूनतरी झिरपते, म्हणून दहा मिनिटांनी साळसूद.

झाकणाचं भोक कुणी बुजवलं? मीच. भाग ४ मध्ये ज्याचं तुम्ही एवढं कौतुक केलंत तो सायकलच्या ट्यूबमधून कापलेला वायसर! त्याला मध्ये भोकच ठेवलं नव्हतं. वर ट्यूबचं रबर पेट्रोलमध्ये फुगतं, ते झाकणाला आतून चपखल बसलं होतं. उद्यमबागेतून (बेळगावची औद्योगिक वसाहत) नायट्राइल शीटचा तुकडा आणला, दोन मिलिमीटरचं भोक पाडलं. खर्च पंधरा रुपये. नवीन कार्बोरेटरची ऑर्डर रद्द.

एक काम राहिलंय. बिनलोडवर इंजिन ‘हुंऽऽ-हुंऽऽ’ असं वरखाली होतं. पायलट जेट (बिनलोडवर पेट्रोल देणारा) साफ आहे, त्यामुळे इन्सुलेटरच्या (कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या उष्णता अडवणाऱ्या तुकड्याच्या) गॅस्केटमधून हवा खेचत असावं असा संशय. (हो, इथे नको तिथे गाळी!) हल्लीच्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने मिश्रण थोडं पातळ होतं, त्याचाही हातभार असेल. आपल्याच जिल्ह्याचा ऊस कारखान्यातून फिरून आपल्याच कार्बोरेटरला त्रास द्यायला येतोय, कुणाला बोलणार?

पुढच्या रविवारी गॅस्केट कापायचं ठरवलं होतं. पण लिहिता लिहिता लक्षात आलं, आता झाकणाला भोक आहे आणि पाऊस तोंडावर आलाय. भोकातून पाणी गेलं तर इथेनॉल ते पिऊन तळाशी बसणार. पिशवी बांधली तर पुन्हा गुदमरणार. तेव्हा गॅस्केट नंतर, आधी झाकणाला पत्र्याचं छोटं इरलं, खालून बोटभर मोकळं. आणि पाऊस लागला की टाकी, वाटी दोन्ही रिकामी करून ठेवायची.

इन्सुलेटरला कागदी गॅस्केट किती जाडीचं घालता तुम्ही? माझ्याकडे अर्ध्या मिलिमीटरचा कागद आहे, वायसरसारखा पुन्हा तोंडावर पडायच्या आत सांगा.