पाहुण्यांचा पलंग

"घर दोन-दोन दिवसांसाठी देताय, मग फर्निचरही भाड्यानेच घ्यायचं ना?" अलिबागजवळचं आमचं घर पाहून गेलेले निम्मे लोक हे विचारतात. तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते.

भाड्याने घेऊन झालंय माझं, पण पुण्यात. बाणेरचा एक फ्लॅट अकरा महिन्यांच्या करारावर घेऊन, मालकांना सांगून, महिना-दोन महिने राहणाऱ्यांना द्यायचे. डबल बेड आणि गादीचे महिन्याला १,१०० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,३०० धरा. तसाच पलंग सुताराने २२,००० ला सांगितला होता. सतराव्या महिन्यात भाडं किमतीला गाठणार, आणि मला तर अकराच काढायचे होते. शिवाय सोडताना टेम्पो त्यांचा, हमाल त्यांचे. तिथे भाडंच शहाणपणाचं होतं.

फक्त सोफ्याने घोळ केला. न्यायला आलेल्या मुलाने मोबाइलचा टॉर्च मारून सोफ्याच्या हातावरचा पिवळा डाग शोधला, चारी बाजूंनी फोटो काढले, आणि डिपॉझिटमधून पैसे कापले. कुणाच्या मिसळीचा तो डाग, मी कुणाला विचारू?

अलिबागला सगळंच उलटं. पावसाळ्यात गेटवे-मांडवा लाँचा बंद, माणसं रोडावतात; भाड्याच्या पलंगाला मात्र सुट्टी नाही. त्यात समुद्र. लोक ओल्या चड्डीने, पायाला वाळू घेऊन थेट खुर्चीत बसतात. मग रोज लादी पुसणं आलं. पार्टिकल बोर्डाचा, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचा, पाय खालून पाणी पितो, फुगतो, आणि लॅमिनेटची कड सुटून वर वळते. लोखंडी पलंग आणावा तर खाऱ्या हवेत बोल्ट गंजतात; कूस बदलली की करकर, आणि ती करकर रिव्ह्यूत!

शेवटी मुंबईत ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारातून दोन सागवानी पलंग उचलले. चरे होतेच, आणखी दोन पडले तरी टॉर्च घेऊन कुणी येत नाही. पायांना रबरी बुटं घातली. गादी मात्र नवी घेतली, वर वॉटरप्रूफ कव्हर. परवा कुणीतरी पलंगावर वाटीभर सोलकढी सांडली. चादर धुवायला टाकली, कव्हर पुसलं. दुपारी दुसरे पाहुणे हजर.