डावी भुवई

पाचवी ‘ब’च्या वर्गात फळ्यावरून मी नुसती मागे वळले तरी पोरं चिडीचूप व्हायची. आधी वाटलं, शिस्त आली. मग एका मुलीने धीर करून विचारलं, "मॅडम, तुम्ही आमच्यावर रागावल्या का?" रागावले नव्हते. डावी भुवई उजवीपेक्षा चांगली वर चढलेली होती, एवढंच.

ती चढली धाकट्या दिराच्या लग्नाआधी. माझ्या भुवया मुळात विरळ, रोज पेन्सिल फिरवायचा कंटाळा. त्यात पार्लरवाली म्हणाली, "ताई, एकदा भुवयांत रंग टोचून घ्या, दोन वर्षं बघायला नको." १२ हजार रुपये आणि दोन तास. वर्षभरात तपकिरी रंग उडून निळसर राखाडी उरला, ड्रेसवरचा शाईचा डाग धुतल्यावर उरतो तसा. माझ्या सासूबाईंच्या कपाळावर लहानपणचं हिरवट गोंदण आहे. माझ्याकडे निरखून बघत त्या म्हणाल्या, "आमचं गोंदारणीनं पसाभर ज्वारीत केलं होतं. तुझं बारा हजारात तसंच झालं की वं."

इथवरही ठीक होतं. खरी चूक त्यानंतरची. तक्रार घेऊन गेले तर पार्लरवाली म्हणाली, "काही नाही होत ताई, वरून स्किन कलर मारून देते, चढलेला भाग झाकून जाईल." मी मारून घेतला. चार महिन्यांत तिथे वाळलेल्या बेसनासारखा पिवळट पट्टा दिसायला लागला. तिसऱ्यांदा गेले तेव्हा तिने एक बाटली काढली. म्हणे हे टोचलं की रंग खपलीसोबत निघून येतो. बाटलीवर ना नाव, ना लेबल. तिथून मात्र मी उठले.

रंग लेझरने काढायचा म्हणून नागपुरात धंतोलीतल्या एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेले. पाटीवर एमडी आहे ना, हे आधी पाहिलं, कारण ‘लेझर’ असा बोर्ड हल्ली कुठेही दिसतो. त्यांनी पंधरा मिनिटं नुसते प्रश्न विचारले. जखम भरल्यावर वण फुगतो का, ओठांवर वारंवार फोड येतात का, मुरुमांची गोळी चालू आहे का, दिवस गेलेत का. आणि शेवटी, "यावर दुसरा कुठला रंग टाकला आहे का?" पिवळट पट्ट्याचं सांगितलं तशा त्या थांबल्या. पांढऱ्या, गुलाबी, त्वचेच्या रंगाच्या शाईत बरेचदा टायटॅनियम डायऑक्साइड किंवा आयर्न ऑक्साइड असतं. लेझर पडला की ते फिकं होण्याऐवजी काळं पडू शकतं. म्हणून आधी दोन ठिपके टाकून बघायचं ठरलं, एक उजवीकडे, एक डावीकडे, तेही तिळाएवढेच.

बधिर करणारं क्रीम लावून पाऊण तास बसले. मग डोळ्यांत थेंब टाकून पापण्यांच्या आत धातूच्या छोट्या वाट्या बसवल्या. नुसता चष्मा चालत नाही का, विचारलं. भुवई डोळ्याच्या इतकी जवळ आणि किरण आत गेला तर नजर कायमची जाऊ शकते, हे ऐकल्यावर मी गप्प पडून राहिले. चट्, चट्. तापलेल्या तेलाचा थेंब उडावा तसा चटका आणि केस जळल्याचा वास. दोन्ही ठिपके क्षणात पांढरे झाले. ती वाफ असते, वीसेक मिनिटांत जाते. गेली. उजवीकडचा ठिपका फिका दिसत होता. डावीकडचा काजळाच्या बोटासारखा काळा.

आरशात बघून माझे हातपाय गार पडले. डॉक्टर शांत होत्या. "अख्खी भुवई केली असती तर? म्हणूनच तिळाएवढं." काळा झालेला भाग पुढे लेझरनेच बहुतेक निघतो, पण वेळ लागतो, म्हणाल्या. आपल्या सावळ्या कातडीला १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा लेझर त्यातल्या त्यात बरा, कारण कातडीला रंग देणारं मेलॅनिन तो कमी पकडतो. नाहीतर शाई जाते आणि तिथे पांढरा किंवा काळपट डाग राहतो.

नोव्हेंबरात पहिली पूर्ण सिटिंग झाली. दोन सिटिंगमध्ये सहा ते आठ आठवडे सोडावे लागतात. मला आधी तो पैसे काढायचा धंदा वाटला होता. पण लेझर शाईचा फक्त चुरा करतो, तो उचलून न्यायचं काम शरीरातल्या पेशींचं, आणि त्यांना घाई करता येत नाही. दर वेळी दोन दिवस सूज आणि आठवडाभर खपल्या. खपली खाजते, पण नख लावायचं नाही, तेवढं पाळलं.

सगळ्यात जड गेला तो स्कार्फ. नागपुरात तोंडाला स्कार्फ गुंडाळल्याशिवाय गाडीवर निघतं कोण? आणि तो नेमका खपलीवर घासतो. मग गाडी ठेवली घरी, सुभाषनगरहून मेट्रो धरली, वर छत्री. थंडीत छत्री उघडून जाणारी बाई बघून लोक वळून बघायचे. एप्रिल-मेमध्ये तर डॉक्टरांनी लेझर केलाच नाही. काळवंडलेल्या कातडीवर मारला तर भाजायची भीती. नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, गेला, दोन पाऊस झाले, तेव्हा परत बोलावलं.

उजवी चार सिटिंगमध्ये मोकळी झाली. डावीला सात झाल्या, चौदा महिने लागले, आणि लावायला गेले त्याच्या दुपटीहून जास्त पैसे. हे घरी ‘अहों’ना अजून पूर्ण सांगितलेलं नाही. डावीतले काही केस पांढरे झाले होते, त्यातले बरेच परत काळे आले. टोकाला एक राखाडी सावली अजून आहे. आणखी एखाद-दोन सिटिंग लागतील, दिवाळीनंतर बघू. सध्या सकाळी पुन्हा पेन्सिल फिरवते, दोन मिनिटं लागतात. पाचवी ‘ब’मध्ये मात्र परत गोंधळ सुरू झालाय.