तुम्ही विचारलंत म्हणून : विणीच्या दिवसांत टर्की का?

एप्रिल उजाडला की हा प्रश्न ठरलेला. अमेरिकेत मिसूरीत राहणाऱ्या मराठी माणसाने बंदूक घेऊन रानात टर्की या मोठ्या पक्ष्याच्या शिकारीला जावं हेच अनेकांना रुचत नाही. त्यातही खुपतं ते हे, की थँक्सगिव्हिंगच्या सुमारास नाही, तर वसंतात, नर मादीच्या ओढीने वेडावलेला असताना, तिचा आवाज काढून त्याला बोलवायचं आणि बार टाकायचा. मंडळाच्या गणपतीत एका काकूंनी थेट वाल्मीकींच्या निषादाची आठवण करून दिली होती. दुसरे विचारतात, दुकानात हवी तेवढी टर्की मिळते, मग हा खटाटोप कशाला? दुकानाबद्दल मी वाद घालत नाही. पिंजऱ्यातलं कोंबडं खाणाऱ्याला तो प्रश्न विचारायचा अधिकार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. निषादाचं मात्र उत्तर द्यायला हवं.

क्रौंचांची जोडी होती. रानटर्कीत जोडी नसते. मार्चमध्ये हिवाळ्यातले थवे फुटतात, वरचढ नर अनेक माद्यांशी संग करतो आणि तिथे त्याचं काम संपतं. मादी जमिनीवर पाचोळ्यात खळगा करून साधारण दहा-बारा अंडी घालते, 28 दिवस एकटी उबवते, पिल्लंही एकटीच वाढवते. नर घरट्याकडे फिरकत नाही. त्याच्या आरोळ्यांना, ज्याला इथे गॉबल म्हणतात, वसंतात दोनदा भर येतो: एकदा थवे फुटतात तेव्हा आणि पुन्हा माद्या अंड्यांवर बसून नर एकटे पडतात तेव्हा. शिकारीचा हंगाम या दुसऱ्या भराशी जुळावा असा हेतू असतो. मिसूरीत तो एप्रिलच्या तिसऱ्या सोमवारी सुरू होऊन 21 दिवस चालतो. नर किंवा छातीवर केसांचा झुपका दिसणारा पक्षीच मारायचा, पूर्ण हंगामात दोन. सार्वजनिक जमिनीवर दुपारी एकला शिकार बंद.

एवढ्यावर प्रश्न मिटत नाही हे मला कळतं. आम्ही त्याला फसवतो, हे खरंच आहे.

ते कसं, ते नीट सांगतो. आदल्या संध्याकाळी कड्यावर जाऊन बार्ड आऊल या घुबडाची साद घालायची. झाडावर रात्रीला टेकलेला नर दचकून त्यावर आरोळी देतो आणि जागा कळते. पहाटे अंधारात त्या झाडापासून शंभर-दीडशे यार्डांवर, खांद्यांपेक्षा रुंद बुंध्याला पाठ लावून बसायचं. पाठीमागून कोणी छर्रे झाडले तर झाड आड यावं म्हणून रुंद बुंधा. अंगावर लाल, पांढरं, निळं काही नको, मोजेसुद्धा नाहीत, कारण नराच्या डोक्याचे रंग हेच आणि दुसऱ्या शिकाऱ्याची नजर तेच शोधत असते. वाऱ्याची फिकीर करावी लागत नाही, कारण टर्कीचं नाक हरणासारखं नाही. डोळे मात्र असे, की मानेवरचा डास हाकललात तरी सकाळ वाया.

आवाजासाठी तीन साधनं पुरतात. लाकडी पेटी सगळ्यांत सोपी. तिच्या झाकणाला तेलरहित खडू लावायचा. साधा शाळेचा खडू चालत नाही, त्याने लाकूड गुळगुळीत होऊन आवाज घसरतो. पाऊस असेल तर पेटी प्लास्टिकच्या पिशवीत ठेवून पिशवीसकट वाजवता येते. दुसरी पाटीच्या दगडाची चकती आणि काडी. चकती बारीक सँडपेपरने एकाच दिशेने घासून ठेवायची आणि त्यावर बोट लावायचं नाही, कारण बोटाचं तेल लागलं की त्या जागी काडी मुकी होते. तिसरं टाळूला लावायचं रबरी पडद्याचं साधन, त्याने हात मोकळे राहतात. त्याचे पडदे चिकटू नयेत म्हणून मध्ये टूथपिक घालून फ्रिजमध्ये ठेवतात. नवखा माणूस हमखास करतो ती चूक म्हणजे फार बोलणं. नर झाडावर असताना दोन हलक्या हाका पुरे. जास्त हाकारलं तर मादी येतेच आहे असं समजून तो तिथेच बसून राहतो.

निसर्गाच्या रीतीने मादी नराकडे जाते. आपण त्याला उलट चालायला लावत असतो, म्हणून तो बऱ्याचदा साठ-सत्तर यार्डांवर येऊन अडतो. मध्ये तारेचं कुंपण, ओहोळ, पडलेलं खोड, काहीही निमित्त पुरतं. पिसारा फुलवून येरझाऱ्या घालतो आणि ‘तू ये’ म्हणून आरोळ्या देतो. अशा वेळी हाका थांबवायच्या आणि हाताने पाचोळा खरवडायचा, म्हणजे मादी दाणे टिपतेय असं वाटतं. वीस मिनिटं, कधी तासभर. आला तर आला. नाही आला तर तो गेला, आणि तिथे बंदुकीचं काम नाही.

बंदुकीचं काम चाळीस यार्डांच्या आत. मी इथे फार हट्टी आहे. हंगामाआधी बारा बोअरची तीच नळी, तोच चोक (नळीच्या तोंडाशी छर्रे एकत्र ठेवणारा आवळ) आणि तीच काडतुसं घेऊन चाळीस यार्डांवरच्या कागदावर बार करून बघायचे. नेमाभोवतीच्या दहा इंची वर्तुळात पाच नंबरचे शिशाचे निदान शंभर छर्रे पडले पाहिजेत. पडत नसतील तर जवळ या, किंवा चोक बदला. नेम छातीवर नाही: गळ्याचे लाल गोंडे जिथे पिसांना मिळतात, तिथे. पिसारा फुललेला असताना मान आखडलेली असते, म्हणून एक खणखणीत हाक द्यायची, तो मान ताणतो, मागे दुसरा पक्षी नाही हे पाहायचं आणि मगच चाप.

आता एका सकाळची गोष्ट. शॅनन काउंटीतला कडा, एप्रिलअखेर, पानं जवळजवळ भरलेली. आमच्यातला एकजण, बंदुकीत तरबेज, कोरड्या घळीच्या कडेला बसला होता. घळीपलीकडे दोन वर्षांचा नर अडला होता, पाऊण तास आरोळ्या देत. पालवी भरली की आवाज दूरचा वाटतो आणि घळीवरून पाहिलं की पक्षी जवळचा वाटतो, कारण मधली जमीनच दिसत नाही. त्याने पंचेचाळीस यार्ड धरले आणि बार टाकला. नंतर यंत्राने मोजलं तेव्हा ते अठ्ठावन्न निघाले. चाळीसवर जे शंभर छर्रे गळ्याभोवती पडतात, ते अठ्ठावन्नवर विखुरतात. दोन-चार पाठीत, एखादा पंखात, आणि मेंदूत किंवा मणक्यात कदाचित एकही नाही. नर कोसळला, दोनदा फडफडला, उठला आणि एक पंख फरपटत उतारावरून पळाला. दुसरा बार टाकता आला नाही, कारण त्याच रेषेत खाली आमचा दुसरा साथी बसला होता. तो निर्णय बरोबर होता.

शोध कसा घेतात ते माहीत असलेलं बरं. आधी बार लागला ती जागा नारिंगी फितीने खूण करायची, नाहीतर दहा मिनिटांत सगळी झाडं सारखी दिसू लागतात. मग पिसं बघायची. छातीची पिसं काळ्या कडेची, तांब्यासारखी चमकणारी. पंखाची पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांची. तिथे पट्ट्यांच्या पिसाचा मोडका तुकडा मिळाला, म्हणजे पंख गेला, उडणार नाही. हरणासारखा रक्ताचा माग इथे मिळत नाही, कारण रक्त पिसांतच जिरतं. पंख मोडलेला पक्षी उताराकडे जातो आणि पहिल्या दाट आडोशात घुसतो: पडलेल्या सीडारचा शेंडा, काटेरी जाळी, ओढ्याकाठच्या मुळांची कपार. तिथे तो मान जमिनीला लावून पडून राहतो, पाय पडेपर्यंत हलत नाही. म्हणून चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं, कारण थांबलेल्या माणसाला तो बिचकतो. चौघांनी हाताच्या अंतराने रांग धरून उतार विंचरला. एक वाजला, बंदुका रिकाम्या करून गाडीत ठेवल्या आणि पुन्हा उतरलो. ओढ्याच्या वाळूत एका पावलाचा ठसा मिळाला, तीन बोटं आणि शेजारी ओढलेल्या पंखाची रेघ. त्यापुढे खडक. अंधार पडेपर्यंत शोधलं. दुसऱ्या दिवशी कावळे कुठे जमतात ते पाहत तोच उतार पुन्हा केला. सापडला नाही.

बार टाकणाऱ्याने स्वतःहून परवान्यावर खाच मारली आणि त्याचा एक पक्षी संपला असं धरलं. कोणीतरी म्हणालं, कोयोटीला, म्हणजे इथल्या कोल्ह्यासारख्या जनावराला, मिळेल, रानात काही वाया जात नाही. हे वाक्य मी त्या वेळी ऐकून घेतलं, आज ऐकून घेणार नाही. कोयोटी खाईल, पण तोवर तो पक्षी जिवंत होता आणि ती वेळ कोयोटीने आणली नव्हती. निषादाची आठवण करून देणाऱ्या काकू या जागी बरोबर आहेत. फसवणुकीचं समर्थन एकच आहे: ती पक्ष्याला इतकं जवळ आणते, की मरण क्षणात यावं. अंतर वाढवलंत की ते समर्थन संपतं.

म्हणून टंगस्टनच्या नव्या काडतुसांच्या जाहिराती मला आवडत नाहीत. शिशाची घनता 11च्या आसपास, याची 18. नऊ नंबरचा बारीक छर्राही लांबवर आत शिरतो, हे खरं. पण त्या सकाळी चुकलं ते छर्ऱ्याचं बळ नव्हतं, डोळ्याचा अंदाज होता. तो कुठलंही काडतूस सुधारत नाही. शिवाय हा मारा पंधरा यार्डांवर मुठीएवढाच पसरतो, आणि अगदी जवळ आलेला पक्षी साफ चुकतो. वापरायचंच तर अंतर चाळीसच ठेवून वापरा.

बाकी दिवस कसा जातो, तेही विचारता. फाटकापाशी आधीच कोणाची गाडी असेल तर पुढच्या फाटकाला जायचं, हा अलिखित नियम. दुसऱ्याच्या हाकेकडे सरपटत जायचं नाही. कोणी तुमच्याकडे येताना दिसलाच तर हात हलवायचा नाही, जागचं न हलता मोठ्याने माणसाच्या आवाजात बोलायचं. मेलेला पक्षी नारिंगी कापडात गुंडाळून न्यायचा. गोचिड्यांसाठी कपड्यांवर परमेथ्रिन आदल्या दिवशी मारून वाळवायचं, कातडीवर कधीच नाही, आणि ओलं असेपर्यंत मांजरापासून लांब. इथल्या लोन स्टार गोचिडीच्या चाव्याने काहींना मटण-बीफची ॲलर्जी होते. असे दोघे आमच्या ओळखीत आहेत, त्यांना टर्की चालते. एकनंतर सगळे मेलेल्या एल्मच्या बुडाशी मोरेल अळंबी शोधतात. उभी चिरून आतून पूर्ण पोकळ असेल तीच घ्यायची, आणि शिजवल्याशिवाय खायची नाही.

पक्ष्याची गळ्याची थैली लगेच काढायची, मांस लवकर थंड करायचं, बर्फाचं पाणी लागू न देता. छातीचे आडवे पातळ काप, कमी वेळ, कारण चरबी नसते. तंगड्या टाकून देणारे शिकारी मला पटत नाहीत. तंगडीत सुईसारखे कडक स्नायुबंध असतात, पण कुकरला मंद आचेवर पाऊण तास दिला की ते सुटून हाताने निघतात. मग कांदा-खोबऱ्याच्या वाटणाचा रस्सा. छर्रे राहिलेले असतात, म्हणून मांस बोटांनी चाचपून घ्यायचं.

पूर्वी मी निषादाच्या प्रश्नाला वेगळं उत्तर द्यायचो. सांगायचो, की मिसूरीत 1937 साली टर्कीची शिकार बंद करावी लागली, 1950च्या दशकाच्या सुरुवातीला राज्यात जेमतेम अडीच हजार पक्षी उरले होते. पाळून सोडलेले पक्षी टिकेनात, कारण आईवाचून वाढलेल्या पिल्लाला ससाणा कळत नाही. मग 1954पासून पेक रँच या राखीव रानातले रानटी पक्षी जाळ्यात धरून नव्या जागी नेऊन सोडले, आणि 1960 साली 14 काउंट्यांत तीन दिवसांचा हंगाम झाला, त्यात 94 पक्षी मारले गेले. 2004च्या वसंतात तो आकडा 60 हजारांवर होता. बंदूक-काडतुसांवरचा 11 टक्के कर 1937च्या कायद्याने वन्यजीवांच्या कामाला जातो. हे सगळं खरं आहे. पण पैसे कोणी दिले याने, त्या घळीतल्या पक्ष्याचं काय, याला उत्तर मिळत नाही. त्या काळच्या मला ते पुरेसं वाटायचं. आता मी ते माहिती म्हणून सांगतो, उत्तर म्हणून नाही.

शिवाय 2004नंतर इथली संख्या घटली. मादीमागे जगणारी पिल्लं कमी झाली. अनेक राज्यांत हेच आहे. ॲलाबामाने 2022 साली हंगामाची सुरुवात 25 मार्चपर्यंत पुढे नेली, पाचाऐवजी चार पक्षी केले आणि पहिल्या दहा दिवसांत नकली पक्षी मांडायला बंदी घातली. टेनेसीने 2023पासून सुरुवात एप्रिलच्या मध्यावर नेली. यामागचा विचार असा, की वरचढ नर लवकर मारले तर माद्यांचा संगच अर्धवट राहतो. तसं असेल तर मी वर मोठ्या खात्रीने मांडलेलं जीवशास्त्र, की नराचं काम झालेलं असतं, तारखेवर लटकलेलं आहे. हंगाम पुढे ढकलला की घरटी जास्त यशस्वी होतात असं प्रत्येक पाहणीत दिसलेलं नाही. गवताळ जागा जाणं, रॅकून, थंड ओला जून, यांचाही वाटा आहे.

माझं मत, मिसूरीनेही सुरुवात एक आठवडा पुढे न्यावी. माझ्याबरोबर बसणाऱ्यांना ते मान्य नाही. ते म्हणतात, आणखी पालवी म्हणजे अंतराचे अंदाज आणखी चुकणार, जखमी पक्षी वाढणार. त्या घळीचंच उदाहरण देतात. मी म्हणतो, मग पस्तीस यार्डांवर या. यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.