ऑपरेशननंतर भूक परत येते, मग काय?

वजन कमी करायची स्लीव्ह सर्जरी केली की पोटाचा साधारण 75 ते 80 टक्के भाग काढून टाकतात, आणि भुकेचं हार्मोन घ्रेलिन मुख्यतः त्याच भागात तयार होतं, म्हणून सुरुवातीला जेवायची आठवण करून द्यावी लागते. मग हळूहळू भूक परत येते आणि माणूस घाबरतो, पोट ताणलं की काय! अहो, भूक लागणं नॉर्मल आहे.

मला खरा त्रास येताजाता तोंडात टाकायचा. अंडं, चिकन खाल्लं की चार घासांत पोट गच्च, पण बिस्किटं, चिप्स, आइस्क्रीम नुसतं सरकत जातं, पोट भरल्याचं कळतच नाही, फोनवर बोलता बोलता अर्धा पुडा संपतो आणि भूक आहे तिथेच. म्हणून आधी प्रोटीन, दिवसाला किमान 60 ग्रॅम, जेवताना पाणी नाही आणि नंतरही अर्धा तास नाही (हा नियम मला भयंकर बोअर होतो). मधलं खाणं मी बंद केलं नाही, फक्त वेळ ठरवली आणि वाटीत काढून, बसून खाते. रात्री टीव्हीसमोर काहीतरी हवंसं वाटलं तर आधी पाणी पिते, थोडं थांबते, मग उकडलेलं अंडं चालत असेल तर भूक खरी, गोडच पाहिजे असेल तर नुसता कंटाळा आलाय.

पोटाचा बायपास (वजन कमी करायचंच दुसरं ऑपरेशन) झालेल्यांनी गोडाला जास्तच जपा, डम्पिंग झालं, म्हणजे गोड भराभर आतड्यात उतरलं, की घाम, धडधड, जुलाब सगळं एकदम. आणि भूक अचानक खूपच वाढली तर सरळ सर्जनला किंवा डाएटिशियनला विचारा, स्वतःच उपाशी राहायला लागू नका.